अफगाण निर्वासित : हक्क की सानुग्रह?

जयसिंगपूरहून कोल्हापूरची पॅसेंजर धरली की रुकडी मागे पडते, पंचगंगेचा पूल येतो आणि लगेच वळिवडे. नृसिंहवाडीहून कामानिमित्त कोल्हापूरला जाणारे आम्ही लोक या स्टेशनकडे मान वळवून बघतही नाही. गांधीनगरात घाऊक कापड घ्यायला जाणारे तेवढे उतरतात. पण २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये ज्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले, त्या स्मारकामागची हकिकत याच वळिवड्याची आहे. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात इथे होती. भारत संकटातल्या माणसाला आसरा देतो, याचा दाखला म्हणून सरकार ही गोष्ट जगाला सांगते. सांगावी, खरीच आहे ती.

पण मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूलहून जीव वाचवून येऊ पाहणाऱ्यांना याच देशाने काय दिले, हेही तपासले पाहिजे. आणि बौद्ध समाजाने ते अधिक बारकाईने तपासले पाहिजे, कारण या सगळ्या धोरणात आपल्या धर्माचे नाव वापरले गेले आहे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले. दोन दिवसांनी गृहमंत्रालयाने अफगाण नागरिकांसाठी नवा व्हिसा जाहीर केला. त्याचे नाव 'ई-इमर्जन्सी एक्स-मिसलेनियस'. मिसलेनियस म्हणजे इतर, किरकोळ. कोणत्याच खान्यात न बसणाऱ्यांचा खाना. मुदत सहा महिने. २५ ऑगस्टला दुसरा आदेश निघाला : यापुढे अफगाण नागरिकांनी फक्त हाच व्हिसा घेऊन यायचे, आणि भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द. काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्यांचे कारण देण्यात आले. ते कारण खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्या दिवसांत काबूलमध्ये काय चालले होते ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. पण गहाळ झालेल्या पासपोर्टांसाठी ज्यांचे पासपोर्ट हातात होते त्यांचेही व्हिसा गेले. सुट्टीला घरी गेलेले विद्यार्थी, उपचारासाठी दिल्लीची तारीख घेतलेले रुग्ण, सगळे एका ओळीच्या आदेशाने बाहेर राहिले.

नव्या व्हिसासाठी हजारोंनी अर्ज केले. २४ नोव्हेंबर २०२१ पर्यंत दिलेल्या व्हिसांची संख्या सरकारनेच संसदेत सांगितली : २००. 'ऑपरेशन देवी शक्ती'मध्ये एकूण ६६९ जणांना बाहेर काढले गेले. त्यांत ४४८ भारतीय आणि २०६ अफगाण होते. आपल्या माणसांना आधी आणणे हे कोणत्याही सरकारचे पहिले काम आहे, त्यावर वाद नाही. वाद पुढचा आहे.

त्या आठवड्यातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. २० ऑगस्टला रंगिना कारगर या अफगाण महिला खासदार इस्तंबूलहून दिल्लीला उतरल्या. त्यांच्याकडे राजनैतिक पासपोर्ट होता. त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आले. २२ ऑगस्टला अनारकली होनरयार आणि नरेंदरसिंग खालसा या शीख लोकप्रतिनिधींना हवाई दलाच्या विमानाने हिंडनला आणण्यात आले. त्यांना आणले हे योग्यच झाले. २५ मार्च २०२० रोजी काबूलच्या गुरुद्वारात प्रार्थनेला जमलेले लोक मारले गेले होते. पुढे १८ जून २०२२ रोजी कार्ते परवान गुरुद्वारावर हल्ला झाला, तेव्हा शंभराहून अधिक शीख आणि हिंदूंना तातडीने ई-व्हिसा देण्यात आले. यंत्रणा मनात आणले तर एका दिवसात काम करते, हे त्यातून दिसले. मग कारगर यांच्यासाठी ती का हलली नाही? टीका झाल्यावर सर्वपक्षीय बैठकीत सरकारने ती चूक असल्याचे मान्य केले, असे विरोधी नेत्यांनी बाहेर येऊन सांगितले. पण चूक कुणाची आणि कोणत्या नियमाची, हे सांगता येणार नाही. कारण मोडायला नियमच नव्हता.

मुद्दा इथे आहे. भारतात निर्वासितांसाठी कायदा नाही. १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात पर्यटक, हेर आणि जीव मुठीत धरून आलेला माणूस, तिघेही एकच : परकीय. २०२५ मध्ये हा आणि आणखी तीन जुने कायदे रद्द करून इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांचा नवा कायदा आणला गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. ऐंशी वर्षांनी घर नव्याने बांधायला काढले, पण निर्वासितासाठी खोली याही आराखड्यात नाही. आश्रय कुणाला द्यायचा, किती दिवस, नाकारला तर दाद कुठे मागायची, यातले काहीही त्यात सांगितलेले नाही. जे आहे ते आदेशांत, परिपत्रकांत आणि सवलतींत.

हा प्रकार आम्हा शिरोळ तालुक्यातल्या लोकांना नवा नाही. वाडीत देवळात पाणी आले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि वस्तीत पाणी आले की स्थलांतर होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमची वस्ती एका शाळेच्या वर्गखोल्यांत हलवली होती. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले, याद्या लागल्या. आमच्या शेजारच्या घराचे नाव यादीत नव्हते, कारण घर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असले तरी आजोबांच्या पुढे कुणाच्या नावावर चढलेले नव्हते. कचेरीत चार चकरा मारल्यावर तिथल्या एका माणसाने समजावले, "अहो, हे सानुग्रह अनुदान आहे. हे हक्काने मागायचे नसते." सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेले. मिळाले तर आभार मानायचे, नाही मिळाले तर भांडायला जागा नाही. आम्ही या देशाचे मतदार. आमचे हे, तर काबूलहून आलेल्या माणसाने काय म्हणायचे?

दिल्लीत राहणाऱ्या अफगाण निर्वासितांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या कार्यालयाचे कार्ड असते. अशी नोंद असलेल्या अफगाणांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास सांगितली जाते. लाजपतनगर, भोगल, मालवीयनगर इथे त्यांच्या खानावळी आणि बेकऱ्या आहेत. पण या कार्डावर आधार मिळत नाही. आधार नाही म्हणून बँकेत अडते, सिम कार्डाला अडते, घरमालकाकडे अडते. काबूल पडल्यानंतर आठवडाभरात हेच लोक दिल्लीतल्या त्या कार्यालयासमोर धरणे धरून बसले होते. त्यांची मागणी तिसऱ्या देशात पाठवा अशीही होती. दहा-दहा वर्षे भारतात राहून माणसे जेव्हा पुढे पाठवा म्हणतात, तेव्हा इथे त्यांना काय मिळाले याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही.

हे सगळे दिल्लीचे आहे, आपला काय संबंध, असे वाटू शकते. संबंध आहे. पुण्यात अफगाण विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकत आहेत, बरेचसे भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. २०२१ नंतर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला की शिक्षण संपल्यावर जायचे कुठे. २० डिसेंबर २०२२ रोजी तालिबानने मुलींना विद्यापीठाचे दार बंद केले, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या मुलीसाठी परत जाणे म्हणजे शिकलेले सगळे पुरून टाकणे झाले. विद्यार्थी व्हिसा शिक्षणाबरोबर संपतो. निर्वासित म्हणून अर्ज करायला कायदा नाही. पासपोर्टची मुदत संपली तर तो वाढवायला जायचे मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासात. दिल्लीतला जुन्या सरकारचा दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि मुंबईत नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने आपला प्रतिनिधी नेमला. म्हणजे ज्यांच्या भीतीने घरी जाता येत नाही, त्यांच्याच खिडकीवर जाऊन नाव, गाव, बापाचे नाव लिहून द्यायचे.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातले. ५ जुलै २०२२ रोजी येवल्यात एका अफगाण सुफी धर्मगुरूचा गोळ्या घालून खून झाला. हा माणूस निर्वासित म्हणून काही वर्षांपासून भारतात राहत होता. सुरुवातीला त्याला धार्मिक वादाचा रंग देण्याचा प्रयत्न झाला. पोलिसांनी मात्र मालमत्तेचा वाद समोर आणला : परदेशी असल्यामुळे त्याला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नव्हती, म्हणून व्यवहार इथल्या लोकांच्या नावावर झाले होते. गुन्हा करणाऱ्यांचा दोष कायद्यावर ढकलायचा नाही. पण कागदावर जो माणूस नाहीच, त्याचे सगळे दुसऱ्याच्या नावावर ठेवावे लागते, आणि दुसऱ्याच्या नावावर ठेवलेले परत मागताना काय होते हे खेड्यातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे.

आता आपल्या नावाच्या वापराकडे येऊ. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेश या तीन देशांतून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना नागरिकत्वाची वाट सोपी केली. ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम निघाले. आपल्या समाजातही तेव्हा काहींना बरे वाटले की यादीत बौद्ध आहेत. जरा थांबून बघू या. त्या कायद्याची तारीख ३१ डिसेंबर २०१४ आहे. म्हणजे तालिबान आल्यावर पळालेल्या शिखालाही त्याचा उपयोग नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच सहा धर्मांच्या लोकांना कागदपत्रे नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली, पण ती सूट आहे, नागरिकत्व नव्हे.

आणि अफगाणिस्तानातले बौद्ध कोण? तिथे आज बौद्ध वस्ती जवळजवळ नाहीच. आहेत ते बामियानच्या कड्यातले रिकामे कोनाडे. एक ५५ मीटरची आणि एक ३८ मीटरची अशा दोन बुद्धमूर्ती तिथे उभ्या होत्या. सातव्या शतकात युआन श्वांगने त्या पाहिल्या. १९६९ ते १९७७ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे राहून त्यांची डागडुजी केली. मार्च २००१ मध्ये तालिबानने सुरुंग लावून त्या फोडल्या. तेव्हा आपल्या वस्त्यावस्त्यांत निषेध झाले, ते अनेकांना आठवत असेल. पण त्या मूर्तींच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे कोण, हे आपल्यातल्या फार थोड्यांनी विचारले. ती हजारा जमात. शिया मुसलमान. तालिबानने १९९८ मध्ये मझार-ए-शरीफमध्ये त्यांचे शिरकाण केले होते. ३० सप्टेंबर २०२२ रोजी काबूलच्या हजारा वस्तीतल्या काज शिकवणी केंद्रात बॉम्बस्फोट झाला. मेलेल्यांत बहुतेक प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली होत्या. ज्यांनी मूर्ती फोडल्या त्यांनीच मझार-ए-शरीफमध्ये या लोकांना मारले होते. तरी हजारा माणूस भारताच्या यादीत नाही, आणि जिथे बौद्ध नाहीत तिथल्या बौद्धांना यादीत जागा आहे.

खरे बौद्ध निर्वासित मात्र भारतात आहेत, आणि त्यांचे या कायद्याने काय झाले तेही पाहावे. तिबेटी या यादीत नाहीत, कारण चीन त्या तीन देशांत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत पन्नास वर्षे आहे. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी बसणारे तिबेटी तर सगळ्यांच्या पाहण्यातले. दुसरे चकमा. चितगावच्या डोंगराळ भागातले हे बौद्ध आदिवासी १९६० च्या दशकात कप्ताई धरणाखाली घरेदारे गेल्यावर आणि छळाला कंटाळून भारतात आले. १९६४ पासून त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले. धरणाने उठवलेली माणसे. कृष्णा खोऱ्यातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. नव्वदच्या दशकात तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडून जाण्याच्या नोटिसा दिल्या. तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे. आधार कलम २१ चा. नागरिकत्व सुधारणा कायद्यातून मात्र इनर लाइन परमिटचे प्रदेश वगळले आहेत, आणि अरुणाचल त्यांत येतो.

म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या दोन बौद्ध निर्वासित समूहांना बौद्ध शब्द असलेल्या कायद्याने काही दिले नाही. त्यांतल्या एकाला उठवले जाण्यापासून वाचवले ते संविधानाने. कलम १४ आणि २१ मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. ही लेखनातली गफलत नव्हती. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाची कलमे बाबासाहेबांनी मांडली. तेव्हा अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी दुरुस्ती सुचवली होती की दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू आणि शीख भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, दुरुस्तीला सहानुभूती होती. तरी घटना समितीने ती फेटाळली. पंजाबरावांचे शिक्षणातले आणि शेतीतले काम मोठे आहे, त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच हे लिहितो आहे. धर्म बघून दार उघडायचे की नाही, हा प्रश्न २०१९ चा नाही. तो तेव्हाच चर्चेला येऊन निकाली निघाला होता.

पुन्हा वळिवड्याकडे. त्या छावणीची गोष्ट सांगताना आपण फार हळवे होतो, म्हणून दोन गोष्टी सरळ सांगायला हव्यात. खर्च पोलंडच्या लंडनमधील परागंदा सरकारकडून येत होता. आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे उपाशी मरत होती. तेव्हा साम्राज्याची माया सगळ्यांना सारखी नव्हती. तरीही छावणी कशी चालली हे शिकण्यासारखे आहे. ही माणसे १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात टाकलेली होती. तिथून सुटून इराणमार्गे इथवर पोचलेली. बहुतेक बायका आणि मुले. त्यांना बराकी मिळाल्या, दवाखाना मिळाला, चर्च मिळाले. त्यांच्या भाषेतल्या शाळा मिळाल्या, आणि आतला कारभार बराचसा त्यांच्याच हाती राहिला. किती दिवस राहणार हे कुणालाच माहीत नव्हते, पण दर सहा महिन्यांनी कुणी दारात उभे राहत नव्हते. युद्ध संपल्यावर घरी जा म्हणून सक्तीने पाठवले नाही. पोलंडमध्ये नवी कम्युनिस्ट राजवट आल्याने बहुतेकांना परत जायचे नव्हते. ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात गेले. काहीजण कोल्हापूरच्या पोलिश दफनभूमीत राहिले. रिकाम्या बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले. त्यांचेच गांधीनगर झाले, आणि त्यांना १९५४ च्या कायद्याने नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा हक्क मिळाला. सानुग्रह नव्हे, कायदा. ज्याला बसायला जागा आणि लिहिलेला हक्क मिळाला, त्या समाजाने दोन पिढ्यांत काय उभे केले ते गांधीनगरच्या पेठेत जाऊन बघावे.

बाहेरच्या देशांकडे बघून लाजावे किंवा मिरवावे असेही काही नाही. अमेरिकेने २०२१ नंतर सुमारे ७६ हजार अफगाणांना नेले आणि २०२५ मध्ये त्यांचे तात्पुरते संरक्षण काढून घेतले. वॉशिंग्टनमध्ये एका अफगाणाने नॅशनल गार्डच्या जवानांवर गोळीबार केल्याच्या घटनेनंतर सगळ्याच अफगाणांचे अर्ज थांबवले. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळी जमात धरायची, ही रीत आपल्याला परकी नाही. पाकिस्तानने नोव्हेंबर २०२३ पासून लाखोंना सीमेपार ढकलले. इराणनेही तेच केले. अशा वेळी ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. त्याच महिन्यात काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला गेला. परराष्ट्र धोरणाला अशा राजवटीशीही बोलावे लागते, हे समजू शकते. पण संबंध जसजसे सुधारतील तसतसे 'आता तिथे सगळे ठीक आहे, परत जा' असे म्हणणे सोपे होत जाईल. आणि हे म्हटले गेले तर अडवायला कलम २१ सोडून काही हाताशी नाही. त्यासाठी प्रत्येकाने कोर्टात जायचे.

कायद्याचा मसुदा नाही असेही नाही. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांनी १९९७ मध्ये नमुना कायदा करून ठेवला आहे. शशी थरूर यांनी २०२२ मध्ये लोकसभेत आश्रयविषयक खासगी विधेयक मांडले. सुरक्षेची छाननी कशी करायची, अर्ज कुणी निकाली काढायचा, अपील कुठे, सगळे लिहिलेले आहे. छाननी कडक असावी, त्याला कुणाचा विरोध नाही. ती धर्म विचारून होऊ नये, एवढेच. आणि कायदा होईपर्यंत शिक्षण संपलेल्या अफगाण विद्यार्थ्यांना, मुलींना तर आधी, दीर्घ मुदतीचा व्हिसा देणे हे एका परिपत्रकाचे काम आहे. गुरुद्वारावरील हल्ल्यानंतर जेवढा वेळ लागला तेवढाच याला लागेल.

आमचा शिरोळ तालुका हातकणंगले लोकसभा मतदारसंघात येतो आणि वळिवडे, गांधीनगर कोल्हापूर मतदारसंघात. दोन्ही खासदारांना संसदेत लेखी प्रश्न विचारता येतो : राज्यात शिकणाऱ्या किती अफगाण विद्यार्थ्यांचे व्हिसा वाढवण्याचे अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने. हा प्रश्न त्यांनी विचारावा असे पत्र आपल्या विहारांतून, मंडळांतून जायला हरकत नसावी. वॉर्साच्या स्मारकावर नाव आपल्याच जिल्ह्याचे आहे.